करवत सुरू होत नसेल तर आधी पेट्रोल बघा

१२ डिसेंबर २०१६ च्या दुपारी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर येऊन धडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अड्यारच्या गल्लीत दोन सोनमोहर आणि एक गुलमोहर आडवे पडलेले होते. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. गल्लीच्या आतल्या टोकाला राहणाऱ्या एका काकांना त्याच दिवशी डायलिसिसला जायचं होतं आणि गाडी बाहेर काढायला जागा नव्हती. आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये एक चेनसॉ होता. मे महिन्यात नारळाच्या वाळलेल्या झावळ्या आणि एक खोड कापायला तो वापरला होता, त्यानंतर कुणी त्याला हात लावला नव्हता. आम्ही चौघांनी आळीपाळीनं दोरी ओढली. तळहाताला फोड आले, पण मशीन सुरू झालं नाही. मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर आणला आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू आत-बाहेर फिरवून पाहिले. शेवटी कोयते आणि हातकरवतीनं चार तास झटून आम्ही एक गाडी जाईल एवढी वाट केली.

आठवड्यानंतर मशीन मेकॅनिककडे नेलं. त्या अण्णांनी कार्ब्युरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "मुदल्ल पेट्रोल पारुंग." आधी पेट्रोल बघा. टाकीतलं पेट्रोल मे महिन्यातलं होतं. कार्ब्युरेटरच्या आतली नखाएवढी जाळी तपकिरी, चिकट थरानं बंद झाली होती. ती साफ करायला दहा मिनिटं लागली. आम्ही फिरवलेले स्क्रू पुन्हा जागेवर आणायला मात्र अर्धा तास गेला.

त्यानंतर गेली काही वर्षं मी स्वतःचं आणि आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांचं मशीन सांभाळतो. चेनसॉ बंद पडला की दहातल्या आठ वेळा दोष पेट्रोलचा किंवा पेट्रोलच्या वाटेचा असतो, कार्ब्युरेटरच्या स्क्रूचा क्वचितच, हे मला त्यातून कळलं. म्हणून पेट्रोल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपणही तपासत जायचं: टाकी, फिल्टर, नळी, कार्ब्युरेटर, आणि अगदी शेवटी स्क्रू. कोकणातल्या वाचकांनाही हे उपयोगी पडेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा घराघरांतून कटर बाहेर निघाले होते. समुद्राकाठची दमट हवा इथे आहे तशीच तिथेही आहे.

पेट्रोलला मी सगळ्यात जास्त जागा देतोय, त्याला कारण आहे. पूर्वी जुनं पेट्रोल म्हणजे फक्त उडून गेलेलं, चिकट झालेलं पेट्रोल. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल पाण्याला ओढून घेतं. चेनसॉची टाकी पूर्ण बंद नसते. पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यावी म्हणून तिला श्वासाची वाट ठेवलेली असते. चेन्नईची ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा म्हणजे अंगावरचा कपडा दोन दिवस वाळत नाही अशी हवा. अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने ती हवा आत घेत राहते. इथेनॉलनं धरलेलं पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉलचा एकत्र थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. फिल्टर कुठे असतो? तळाशीच. आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात नाही. म्हणजे इंजिनाला जे मिळतं त्यात ना धड जळण्याची ताकद, ना पिस्टनला लागणारं ऑइल. अशा मशीनची दोरी ओढत राहणं म्हणजे नुसती मेहनत वाया घालवणं नव्हे, त्यात नुकसानही आहे.

म्हणून पहिलं काम असं. टाकीतलं सगळं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर, थेंब किंवा गढूळपणा दिसला तर ते पेट्रोल गेलं. रंग बघून मात्र निर्णय करू नका, कारण टू-टी ऑइलला स्वतःचाच हिरवा, निळा किंवा लाल रंग असतो. वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो. जुन्याचा वास रंगाच्या दुकानासारखा, वॉर्निशसारखा येतो. शंका असेल तर फेकून द्या. पावशेर पेट्रोलचा मोह धरण्यात काही अर्थ नाही.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरीही कळतं. उंच, सरळ नळीसारखं मापाचं काचेचं भांडं घ्या. त्यात ९० मिलीलिटर पेट्रोल आणि १० मिलीलिटर पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरच राहिला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही. तो २८-२९ पर्यंत चढला तर २० टक्क्यांच्या आसपास आहे. हे उघड्यावर, सावलीत आणि चुलीपासून दूर करा. तपासलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालू नका. इथेनॉल नसेल या आशेनं जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घेताना दुकानदाराच्या किंवा पंपावरच्या माणसाच्या शब्दावर न जाता हीच चाचणी करून बघा. जुन्या आणि साध्या चेनसॉच्या माहितीपुस्तकात बहुतेक वेळा १० टक्के इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते, तुमच्या मशीनचं पुस्तक एकदा काढून पाहा. मिळेल ते पेट्रोल घालावं लागलं तरी काम संपल्यावर ते टाकीत ठेवू नका, एवढं पाळलंत तरी अर्धे दोष टळतील.

आता ऑइल. चेनसॉ टू-स्ट्रोक असतो. त्याच्या इंजिनात वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच त्याच्या पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देतं. ५० ला १ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. कुठलं प्रमाण घ्यायचं हे मशीनच्या पुस्तकावर आणि ऑइलच्या दर्जावर ठरतं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ५८ सीसी मशीनना बहुधा २५ ला १ सांगितलेलं असतं. बाटलीच्या बुचानं अंदाजे घालणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मशीनचे ओरखडलेले पिस्टनही पाहिले आहेत. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलीची सिरिंज सुई काढून घ्या, माप अचूक मिळतं. लुनाच्या काळात कुठल्याही पंपावर टू-टी ऑइल मिळायचं. आता टू-स्ट्रोक गाड्याच गेल्यामुळे ते शोधावं लागतं. शोधताना एक चूक होते. काशीमेडूच्या मासेमारी बंदराच्या बाजूला बोटींच्या आउटबोर्ड इंजिनाचंही टू-स्ट्रोक ऑइल असतं. ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं आहे. चेनसॉ हवेनं थंड होतो आणि फार जास्त तापतो. डब्यावर जासो एफडी असा दर्जा लिहिलेलं, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल घ्या. आधी डब्यात थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवणं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवणं. टाकीत ओतण्यापूर्वी दरवेळी डबा हलवा.

ताजं मिक्स घातलं, तरी मशीन सुरू होत नाही. मग प्लग काढा. चोक देऊन पाच-सहा वेळा दोरी ओढल्यावर प्लगचं टोक कोरडं खडखडीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. ओलं चिंब असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी पडत नाही. कोरड्या प्लगच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. प्लगच्या भोकातून मिक्सचे चार-पाच थेंब आत सोडा, सांडलेलं पुसून घ्या, प्लग लावा आणि दोरी ओढा. मशीन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं तर ठिणगी ठीक आहे, दाबही ठीक आहे. दोष टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेत आहे. ही एक चाचणी तुमचे कित्येक तास वाचवते.

प्लग ओला असेल तर चोक बंद करा, प्लग बाहेर ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा वेळा दोरी ओढा, सिलिंडर कोरडा होऊ द्या. पुसलेला प्लग लावा आणि चोक न देता सुरू करून बघा. बऱ्याचदा मशीनला काहीच झालेलं नसतं. पहिला 'फट्' आवाज ऐकू येऊनही माणूस चोक काढत नाही आणि इंजिन पेट्रोलनं भरून जातं. तो पहिला आवाज कानांनी पकडा. तो आला की चोक अर्ध्यावर किंवा बंद. प्लगमधलं अंतर बहुतेक मशीनना ०.५ मिलीमीटर चालतं. प्लगवर याहून जास्त लिहायची गरज नाही.

आता वाट तपासूया. टाकीच्या झाकणातून वाकवलेली तार घालून आतली नळी ओढून घ्या. तिच्या टोकाला छोट्या लोलकासारखा फिल्टर असतो. मशीन उलटंसुलटं केलं तरी तो पेट्रोलात पडून राहतो. तो काढून त्यातून फुंकर मारा. हवा अडत असेल तर नवीन घाला, धुऊन फार दिवस टिकत नाही. नळी बोटांनी वाकवून बघा. इथेनॉलनं आणि उन्हानं जुनी नळी एकतर मऊ फुगते किंवा कडक होऊन तडकते. तडा इतका बारीक असतो की पेट्रोल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. मेकॅनिक ज्याला 'मशीन एअर घेतंय' म्हणतात ते हेच. नळी जिथे टाकीच्या भिंतीतून बाहेर येते तिथलं वळण खास तपासा, बहुतेक तडे तिथेच असतात.

टाकीच्या श्वासाची वाट हा मला सगळ्यात फसवा दोष वाटतो. मशीन सुरू होतं, दहा मिनिटं छान चालतं, मग धापा टाकत बंद पडतं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतं, पुन्हा तेच. लोक कार्ब्युरेटर खोलतात, प्लग बदलतात. खरं तर श्वासाची वाट भुशानं आणि ऑइलनं बुजलेली असते. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि एका क्षणी पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. मशीन बंद पडल्याबरोबर ते बाजूला ठेवा, झाकण सावकाश सैल करा. आत हवा शिरल्याचा 'सुस्स' आवाज आला आणि लगेच मशीन सुरू झालं तर दोष सापडला. झाकण उघडूनही ते सुरू होत नसेल, आणि वीस-पंचवीस मिनिटं गार झाल्यावरच सुरू होत असेल, तर पेट्रोलचा पिच्छा सोडा. बहुधा इग्निशन कॉइल तापून दगा देते आहे.

चेन्नईच्या मे महिन्यात मात्र झाकण उघडताना याच्या उलटही घडतं. उन्हात ठेवलेल्या मशीनच्या टाकीत दाब वाढतो आणि झाकण झटकन उघडलं तर पेट्रोल अंगावर उडतं. तापलेल्या सायलेन्सरवर ते पडलं तर आग. झाकण नेहमी थोडं सैल करून दाब जाऊ द्या. मशीन सावलीत ठेवा आणि पेट्रोल भरण्यापूर्वी गार होऊ द्या. भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊनच सुरू करा. वादळानंतर वीज नसते तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात टाकीत डोकावणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि अंगावर काटा आला आहे. बॅटरी नसेल तर सकाळपर्यंत थांबा.

आता कार्ब्युरेटर. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटी आणि तरंगता फ्लोट असतो. तो आडवा केला की बिघडतो. चेनसॉ तर आडवा, तिरपा, उलटा कसाही धरावा लागतो, म्हणून त्यात फ्लोट नसतो. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात, डायफ्राम. एक पडदा इंजिनाच्या खालच्या भागातल्या हवेच्या ठोक्यांवर हलतो आणि पंपासारखा पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा एका छोट्या तरफेवर दाब देऊन सुईसारखी नीडल उघड-बंद करतो आणि इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल आत सोडतो. हे दोन पडदे मऊ असतील तोवर मशीन ऐकतं. इथेनॉल, उष्णता आणि वय यांनी ते कडक होतात. दुधाच्या पिशवीसारखा लवचीक असायला हवा तो पडदा जुन्या एक्स-रेच्या फिल्मसारखा कडकडतो. मग चोक दिला की मशीन चालतं, चोक काढला की मरतं.

उघडण्यापूर्वी मशीन बाहेरून ब्रशनं स्वच्छ करा, कारण झाकण काढताच आजूबाजूचा भुसा आत पडतो. टेबलावर पांढरं कापड अंथरा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. गॅस्केट आधी की पडदा आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असतो आणि तो चुकला तर सगळं साफ करूनही मशीन चालणार नाही. एका बाजूला, पंपाच्या झाकणाखाली, नखाएवढी बारीक जाळी सापडेल. आमच्या मशीनची तीच बुजली होती. दुसऱ्या बाजूला तरफ आणि नीडल. नीडलच्या टोकावर कचऱ्याचा एक कण अडकला तरी ती नीट बसत नाही आणि मशीन बंद असतानाही पेट्रोल एअर फिल्टरमधून ठिबकतं. तरफेची उंची वाकवून बदलू नका, ती पुस्तकात दिलेल्या मापानं पट्टी ठेवूनच बघायची असते.

छिद्रांमध्ये तार, सुई, टाचणी काही घालू नका. ती छिद्रं केसाएवढी मोजून पाडलेली असतात, एकदा रुंदावली की कार्ब्युरेटर गेला. पडदे बाजूला काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक छिद्रातून मारा. एका बाजूनं मारलेला दुसरीकडून धारेसारखा बाहेर यायला हवा. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड दिसली तर आत पाणी बसलं होतं. ती घासूनही जात नसेल तर नवा कार्ब्युरेटर घेणं परवडतं.

वॉल्ब्रो आणि झामा या दोन कंपन्यांचे कार्ब्युरेटर आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर असतात. कार्ब्युरेटरच्या अंगावर मॉडेलचा नंबर कोरलेला असतो, तो लिहून घ्या आणि त्याचंच पडद्यांचं किट मागा. 'चेनसॉचं किट द्या' एवढंच म्हणालात तर दिसायला सारखं पण न बसणारं किट हातात येतं. चेन्नईत मी पॅरीज कॉर्नरच्या लिंगी चेट्टी स्ट्रीटवर फिरून सुटे भाग मिळवले आहेत. जुना भाग खिशात घेऊनच जा, भाषेची अडचणही उरत नाही.

कार्ब्युरेटर खोलण्याआधी एअर फिल्टर आणि सायलेन्सर बघायला विसरू नका. नारळाचं खोड कापताना जो बारीक, केसाळ भुसा उडतो तो फिल्टरला नमद्यासारखा चिकटतो. हवा कमी झाली की इंजिनाला पेट्रोल जास्त होतं आणि ते काळा धूर सोडतं. सायलेन्सरच्या तोंडाशी काही मशीनना ठिणग्या अडवणारी जाळी असते. ती काजळीनं भरली तर मशीन रिकामं छान चालतं आणि लाकडात घातलं की दमतं. या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत साफ होतात.

आता स्क्रू. बहुतेक मशीनवर तीन असतात: एल, एच, आणि तिसरा स्लोचा. एल आणि एच पेट्रोल ठरवतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवले की पेट्रोल कमी होतं. स्लोचा स्क्रू आत नेला की बंद ॲक्सिलरेटरवरचा वेग वाढतो. हात लावण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू हळूच आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा आणि परत त्याच जागी आणा. जोरानं आवळू नका, टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. पुस्तक हाताशी नसेल तर एल आणि एच दोन्ही एक-एक फेरा बाहेर, ही अनेक मशीनना चालणारी सुरुवात आहे. इंजिन गरम करा. एल हळूहळू फिरवून स्लो जिथे सर्वांत वर जातो ती जागा शोधा आणि तिथून अष्टमांश फेरा बाहेर घ्या. मग स्लोच्या स्क्रूनं वेग इतका कमी करा की साखळी पूर्ण थांबेल. ॲक्सिलरेटर सोडल्यावर साखळी फिरत असेल तर ते मशीन झाडाजवळ नेऊ नका.

एचबद्दल मी कळकळीनं सांगतो. तो आत नेला की मशीन अधिक जोरात, अधिक कर्कश ओरडतं आणि आपल्याला वाटतं ताकद वाढली. खरं तर पेट्रोल कमी झालं, म्हणजे त्यासोबतचं ऑइलही कमी झालं, आणि तापमान वाढलं. काही मिनिटांत पिस्टन पकडतो. बरोबर लावलेलं मशीन रिकाम्या हवेत पूर्ण वेगात किंचित अडखळत, गुरगुरत चालतं आणि लाकडात घातलं की आवाज स्वच्छ होतो. ती गुरगुर ऐकू यायला हवी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये मिश्रण आपोआपच थोडं हलकं होतं, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. म्हणून आधीच आतवर नेलेला एच आता अधिक धोक्याचा.

उंचीचाही संबंध आहे. ऊटी सुमारे २,२४० मीटरवर आहे, येरकाड १,५०० च्या आसपास. तिथे हवा विरळ, म्हणून तिथला मेकॅनिक एच आत घेतो, आणि ते बरोबरच आहे. तेच मशीन वादळानंतर कामाला चेन्नईत आणलं तर समुद्रसपाटीच्या दाट हवेला ते पेट्रोल अपुरं पडतं. महाबळेश्वरचं मशीन रत्नागिरीत नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. खाली उतरलं की आधी एच बाहेर घ्या, मग काम.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही वेग लगेच खाली येत नसेल, किंवा मशीन कुशीवर केलं की स्लो बदलत असेल, तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जोड किंवा इंजिनाचं सील हवा घेतंय. स्क्रूनं ते झाकता येतं, बरं होत नाही. असं मशीन चालवू नका, दाब आणि पोकळीची चाचणी करणाऱ्या मेकॅनिककडे द्या. काही नव्या मशीनना हे स्क्रूच नसतात, आतलं यंत्र मिश्रण स्वतः ठरवतं. तिथे तुमचं काम फिल्टर आणि पेट्रोलपाशी संपतं.

डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ च्या पुरांत इथली कितीतरी मशीनं पाण्याखाली गेली. असं मशीन सुरू होतं का ते बघायला दोरी ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. प्लग काढा, मशीन उलटं धरून सावकाश दोरी ओढत पाणी काढा. टाकी रिकामी करून ताज्या पेट्रोलनं दोनदा विसळा, प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल सोडून पुन्हा दोरी ओढा. कार्ब्युरेटर त्याच दिवशी उघडा. खाडीकाठच्या पाण्यात मीठ असतं, दोन दिवसांत ॲल्युमिनियम खायला लागतं.

ठेवणीचं सांगायचं राहिलं. काम संपलं की टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग चोक देऊन आणखी दोन-तीनदा दोरी ओढा. पडदे कोरडे पडून आकसतात म्हणून थोडं पेट्रोल ठेवावं असं काही जण म्हणतात. आपल्या हवेत आणि आताच्या पेट्रोलला मला ते पटत नाही. मिक्स एका वेळी महिन्याभरात संपेल एवढंच करा आणि डब्यावर मार्करनं तारीख लिहा. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. काचेची बाटली असेल तर १ लिटरच्या आत. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत ठेवू नका. उरलेलं जुनं मिक्स गटारात ओतू नका, गॅरेजवाले पार्ट धुवायला घेतात.

आणि हे सगळं वादळाच्या बातमीनंतर करायचं काम नाही. इथला ईशान्य मोसमी पाऊस साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि बहुतेक वर्षी त्याच्या थोडं आधी आयुधपूजा येते, आपली खंडेनवमी. आम्ही सोसायटीत तो दिवस ठरवून टाकला आहे. सकाळी फिल्टर आणि नळी बघायची, ताजं मिक्स घालायचं, एखादी वाळकी फांदी कापायची, मग टाकी पूर्ण रिकामी करायची आणि त्यानंतरच मशीनला चंदन-कुंकू लावायचं. कोकणात वादळं मे-जूनमध्येही येतात, तिथे अक्षय्य तृतीयेचा दिवस सोयीचा पडेल. नवा प्लग, पडद्यांचं एक किट, एक फिल्टर, हातभर नळी आणि ऑइलची २० मिलीची सिरिंज एका डब्यात घालून तो डबा मशीनच्या हँडललाच बांधून ठेवा.